शनिवारी वहिनी येणार

आमच्या घरात मी जेवताना "रत्नागिरीला असताना" एवढं म्हणून घास हातात धरला, की बायको भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवते. गोष्ट लांबणार, भात गार होणार. मुलगी विचारते, "बाबा, रिक्षावाली की गाडी लागल्याची?" या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. तिसरीही आहे, पण ती मी जेवताना सांगत नाही. आज लिहायला बसलोय, म्हणजे भाताची काळजी नाही.

त्यांना ऑफिसात सगळे अण्णा म्हणायचे. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क. गाव जतच्या पलीकडं, जिथं उन्हाळ्यात टँकरच्या आवाजानं माणसं उठतात. मी कोल्हापूरचा. बदली होऊन रत्नागिरीला गेलो तेव्हा राहायची सोय नव्हती, अण्णांच्या दोन खोल्यांतली एक रिकामी होती. "सामान आना. पन घोरत असाल तर दार लावून घोरायचं," एवढी एकच अट त्यांनी घातली. मी घोरत नाही असं मी त्यांना सांगितलं. माझ्या बायकोनं ते ऐकलं असतं तर त्या दिवशीच भात झाकला असता.

अण्णा बारा महिने छत्री घेऊन फिरायचे. कोकणातल्या आभाळावर त्यांचा विश्वास नव्हता. "आमच्याकडं पाऊस चार गावांत विचारून मग येतो. हितं कुनाला विचारतच न्हाई," असं म्हणायचे. डोक्यावर केस नावाला, पण खिशात कंगवा. शर्टाचं गळ्याचं बटण कायम लावलेलं. जेवणात खोबरं आलं की ते ताटाच्या कडेला एका बाजूला सारायचे आणि शेवटी गुपचूप तेच खायचे.

पण अण्णांची खरी ओळख म्हणजे गुरुवार.

पाच दिवसांचा आठवडा सुरू झाल्यापासून बाहेरगावच्या आम्हा लोकांचं गुरुवारीच निम्मं लक्ष उडायचं. कुणी चिपळूणच्या गाडीची वेळ विचारतोय, कुणी अलोऱ्याला सासुरवाडीला जायचं म्हणून तोंड पाडून बसलाय. मी एक आड एक शनिवारी मळक्या कपड्यांची बॅग घेऊन कोल्हापूर गाठायचो. घाट उतरून परत येताना तीच बॅग धुऊन, इस्त्री होऊन, वर चटणीची बरणी घेऊन यायची. अण्णा महिन्यातून एकदाच गावी जात. प्रवासातच अर्धी सुट्टी संपायची. बाकीच्या गुरुवारी दुपारचा चहा आला, की ते कपबशी हातात घेऊन उभे राहत आणि जाहीर करत, "या शनिवारी वहिनी येनार."

वहिनी म्हणजे आमच्या वहिनी, अण्णांची बायको. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. अण्णांची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली आणि सून आणि लेक सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही घेत नसे. अण्णांची एकुलती मुलगी लग्न होऊन लांब दिलेली. अण्णांची बहीण दर आठवड्याला फोनवर सांगायची, "शनिवारी मी येते आईजवळ, वहिनीला जाऊन येऊ दे दोन दिवस." आणि शुक्रवारी तिच्या घरी कुणाला तरी ताप यायचा, नाहीतर पाहुणे यायचे. तिचाही संसार होता, तिला तरी काय बोलणार. शुक्रवारी संध्याकाळी अण्णा फोन ठेवायचे आणि म्हणायचे, "बरंच झालं. आपली तयारी कुठं झालीय अजून."

तयारी म्हणजे तालीम. वहिनी आल्या की काय काय दाखवायचं हे आधी करून बघायचं, म्हणजे ऐन वेळी गडबड नको. या तालमीत अण्णा अण्णाच असायचे. वहिनींची भूमिका माझ्याकडं होती.

"मीच का?" असं मी पहिल्यांदा विचारलं. तेव्हा माझ्या मिशा आत्तापेक्षा काळ्या आणि जास्त झुपकेदार होत्या.

"वजन," अण्णा म्हणाले. "ती बी तुमच्यासारखीच अंगानं भरलेली. गुडघं दुखत्यात. चढ आला की तुमी दोघंबी बोलायचं थांबता."

मग ऑफिसात सोमवारी विचारलं जायचं, "काय वहिनी, कुठं कुठं फिरलात?" मी हसून घ्यायचो. न घेऊन करतो काय.

रिक्षावाली गोष्ट ती हीच. भाट्याला जायचं होतं. अण्णांनी मला रिक्षात उजव्या बाजूला बसवलं, कारण पूल आला की समुद्र उजवीकडं दिसतो. आणि म्हणाले, "आता डोळं मिटा. पुलाच्या मधोमध आलो की मी हात लावतो, मगच उघडायचं. एकदम दिसला पायजे." मी डोळे मिटले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं असणार.

"पावण्यांना बरं नाय काय?" त्यानं विचारलं. "दवाखान्यात घेऊ?"

"बरं हाय," अण्णा म्हणाले. "तुमी जरा हळू चालवा. आनि पुलावर हॉर्न मारू नका."

पुलावर हात लागला. मी डोळे उघडले. ओहोटी होती; नुसता चिखल, त्यात एक कलंडलेली होडी आणि चार बगळे. अण्णांनी रिक्षा तिथूनच मागं वळवली. खाली उतरलोसुद्धा नाही. त्यांचं म्हणणं, पहिल्यांदा बघणाऱ्याला ओहोटीचा समुद्र दाखवायचा म्हणजे पाहुण्याला खरकट्या ताटावर बसवायचं. तेव्हापासून ते दर गुरुवारी आमच्या घरमालकीणबाईंना भरतीची वेळ विचारू लागले.

घरमालकीणबाईंना सगळी आळी आपा म्हणायची. त्यांचे वडील, भाऊ सगळे दर्यावर्दी. नवरा कुवेतला बरीच वर्षं काढून आलेला आणि आता दिवसभर पडवीत बसून रेडिओ ऐकणारा. आपा बोटांवर तिथी मोजून सांगायच्या, "शनिवारला दुपारी भरलेला असेल दर्या. आणा त्यांना." वहिनींना मासा चालत नाही, अंडंसुद्धा नाही, हे कळल्यावर त्यांनी एक पातेलं आणि एक कढई नवी आणून वरच्या फळीवर फडक्यात बांधून ठेवली. "यात कदी काय शिजलं नाय. तुम्ही बिनधास्त सांगा वहिनींना." ते गाठोडं फळीवर राहिलं. आपा अधूनमधून त्यावरची धूळ झटकायच्या आणि परत ठेवायच्या.

एकदा मी माझ्या अकलेनं सुचवलं, "अण्णा, फोनवर दाखवा की. व्हिडिओ कॉल लावला की झालं." ते असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही वाईट बोललोय.

"फोनात बघिटल्यावर ती येईल कशाला?"

हे त्यांचं पक्कं होतं. आम्ही एकदा संध्याकाळी मांडवीला जेट्टीवर होतो आणि वहिनींचाच व्हिडिओ कॉल आला. अण्णा गर्रकन वळले, पाठ एका भिंतीला लावली आणि फोन तोंडाच्या इतका जवळ धरला की पलीकडं फक्त नाक दिसलं असेल.

"कुठं हाय तुमी?" वहिनींचा आवाज.

"हापिसात. काम हाय जरा."

"आनि ह्यो आवाज कसला?"

"पंखा हाय. जुना झालाय."

पाठीमागं लाटा आदळत होत्या. वहिनी म्हणाल्या, "तेल घालाय सांगा त्याला." मग त्यांनी आईंना फोन दाखवला, आईंनी नाक बघून डोळे मिटले, आणि फोन संपला. अण्णांनी कपाळ पुसलं. चोरी पचल्यासारखा चेहरा झाला होता.

गाडी लागल्याची गोष्ट मुरुडची. जोडून सुट्टी आली तर दापोलीकडं मुरुडला न्यायचं, तिथं किनारा मोठा आहे, गर्दी कमी आहे, असं अण्णांनी ठरवलं. मग तालीम आलीच. घाटरस्त्याच्या वळणांवर मी वहिनींची भूमिका इतकी मनापासून केली की दोनदा बस थांबवावी लागली. कंडक्टर म्हणाला, "गाडी सोसत नाय तर येता कशाला?" किनाऱ्यावर पोचल्यावर मी वाळूत आडवा झालो. अण्णा माझ्यावर छत्री धरून उभे होते आणि समुद्राकडं बघत म्हणाले, "न्हाई. लांब पडतंय. तिला झेपायचं न्हाई." मुरुड रद्द झालं. मला काय झेपलं हे कुणी विचारलं नाही.

असे शनिवार किती गेले ते मला सांगता येणार नाही. आता हसू येतं, पण तेव्हा शेवटी शेवटी मला अण्णांकडं बघवत नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती. नोकरी संपली की खोली सोडायची, गावी जायचं. जतहून मुद्दाम समुद्र बघायला दोघं एवढ्या लांब येतील, हे त्यांनाही खरं वाटत नसावं. गुरुवारचं बोलणं चालूच होतं, फक्त कपबशी हातात घेऊन उभं राहायचं त्यांनी सोडलं होतं. बसूनच सांगायचे, फायलीकडं बघत.

त्याच सुमाराला त्यांची आई गेली.

ते दिवसवार करून परत आले तेव्हा डोकं भादरलेलं, कंगवा खिशातच. मी म्हटलं, "अण्णा, आता वहिनींना येता येईल." माझ्या तोंडून निघून गेलं. ते रागावले नाहीत.

"लोक काय म्हनतील? सासू गेली आनि सून समुद्रावर." मग म्हणाले, "सामान आवराय येते म्हनली. ते चालतंय."

म्हणजे शेवटी वहिनी आल्या त्या सामान आवरायला. अण्णांचा खोलीतला शेवटून दुसरा शनिवार. भाच्यानं त्यांना कोल्हापुरात बसमध्ये बसवून दिलं होतं. अण्णा आणि मी सकाळीच स्टँडवर गेलो. आपांनी दुपारची भरती सांगून ठेवली होती. एक रिक्षावाला ठरवून ठेवला होता, त्याला पूल, हॉर्न सगळं समजावलेलं. अण्णांनी शर्ट नवा घातला होता.

बस लागली. माणसं उतरू लागली. मी माझ्या अंगलटीची बाई शोधत होतो. तशा दोन उतरल्या, पण त्या अण्णांकडं न बघता निघून गेल्या. मग एक काटकुळी बाई दाराशी आली, पिशवी छातीशी धरून, पायरी कुठं आहे ते बघत. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तिच्या पलीकडं बघत होतो. अण्णा पुढं झाले, पिशवी घेतली आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"काय न्हाई. चल."

पिशवी माझ्या हातात देताना अण्णा हळूच म्हणाले, "घरात बघताना कळलंच न्हाई हो मला." दर महिन्याला ते गावी जात होते. पण तिथं वहिनी कायम वाकलेल्या, आईच्या अंथरुणाशी नाहीतर चुलीशी. चारचौघांत सरळ उभ्या राहिलेल्या त्यांनी किती दिवसांत पाहिल्या नसतील. आम्ही एवढ्या तालमी केल्या त्या एका भरल्या अंगाच्या, गुडघे दुखणाऱ्या, चढावर दमणाऱ्या बाईसाठी. ती बाई केव्हाच संपली होती.

आधी घरी जाऊन चहा घ्यायचा आणि मग भाट्याला, असं ठरलं होतं. वहिनी खोलीत आल्या, अण्णांच्या कॉटवर टेकल्या, पाठ भिंतीला लावली. अण्णांनी स्टोव्ह पेटवला. मी दूध आणायला आपांकडं गेलो. परत आलो तर वहिनी बसल्या बसल्या झोपलेल्या. मान एका बाजूला, चपला पायातच.

अण्णांनी हलकेच चपला काढल्या. उशी सरकवली. वहिनी कलंडल्या आणि जाग्या झाल्या नाहीत. चहा आम्ही दोघांनी प्यायला, उभ्यानं.

"अर्धा तास निजू दे," अण्णा म्हणाले.

रिक्षावाला आला, त्याला थांबवलं. मग परत पाठवलं. दुपार झाली. आपांनी त्या नव्या पातेल्यात आमटी-भात केला होता, तो झाकून घेऊन आल्या आणि दारातूनच बघून म्हणाल्या, "उठवू नका हां. आमचे हे कुवेतला, तवा माझी सासू पडून होती. मला म्हाईत हाय ती झोप."

अण्णा दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. आळीत स्कूटर शिरली की हात वर करायचे, ट्रॅफिक पोलिसासारखा. कावळ्यांना छत्री दाखवली. आपांच्या नवऱ्याला रेडिओ बंद करायला लावला. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि निमूट बंद केला. परसात नारळ पाडायला माणूस आला, कमरेला कोयता, पायात दोरी अडकवून निम्म्यावर चढलेला. त्याला अण्णांनी खालून खुणा करून उतरवलं.

"काय झालं वो?" तो म्हणाला.

"उद्या पाडा."

"उद्या मी नाय मोकळा."

"मग परवा पाडा. आवाज होतोय."

मला राहवेना. मी म्हटलं, "अण्णा, भरती आत्ता आहे. आता नाही उठवलं तर आजचा दिवस गेला. एवढ्या वर्षांचं…"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची," ते म्हणाले. "रातीबी. किती वर्सं झाली, ही सलग निजली न्हाई. मी हितं भरतीची वेळ विचारत बसलो." मग हातातली छत्री पायरीला टेकवत म्हणाले, "ह्याची तालीम केली न्हवती बगा आपन."

संध्याकाळी वहिनी दचकून उठल्या. "आईंची कूस," म्हणत कॉटवरून खाली पाय टाकले आणि मग खोली बघून थांबल्या. अण्णा आत गेले. "कोन न्हाई आता उठवाय. झोप की." वहिनी दोन घास जेवल्या, ओशाळल्यासारखं हसल्या, "इतकी कशी झोप लागली काय म्हाईत," म्हणाल्या आणि परत झोपल्या. रविवारीही दुपारपर्यंत झोपल्या. उठल्यावर आपांनी त्यांची वेणी घातली.

सोमवारी आईचं मासिक होतं; अण्णांची रजा आईच्या दिवसांतच संपलेली, वहिनी तरी घरी हव्यात, म्हणून रविवारची बस चुकवून चालणार नव्हती. सामान असं काही आवरलं नाहीच. रिक्षात बसताना अण्णांनी विचारलं, आणि इतक्या साध्या आवाजात विचारलं की जणू वाटेतलं दुकान दाखवायचंय: "समुद्र हाय हितं जवळच. जाताना बघायचा का?"

वहिनींनी अण्णांच्या हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. "बस चुकंल की. पुना येऊ."

"हां. पुना येऊ," अण्णा म्हणाले, आणि रिक्षावाल्याला स्टँडवर घ्यायला सांगितलं. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो होतो. मला मागं बघायचा धीर झाला नाही.

बस गेल्यावर आम्ही चालतच परत आलो. अण्णा एकच वाक्य बोलले: "चेहऱ्यावर जरा तकाकी आली, न्हाई?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

त्यानंतरच्या गुरुवारी चहा आला तेव्हा ऑफिसात कुणी काही विचारलं नाही. महिना संपला, अण्णा निवृत्त झाले, नारळ आणि शाल घेऊन गावी गेले. माझीही पुढं कोल्हापूरला बदली झाली. फोन व्हायचे. मी "या की एकदा दोघं, मी रजा काढतो, बरोबर येतो" म्हणायचो, ते म्हणायचे, "दिवाळी होऊ दे." मग म्हणायचे, "ऊस जाऊ दे शेजारच्याचा, ट्रॅक्टर रिकामा होऊ दे." ट्रॅक्टरचा आणि समुद्राचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळी अंगणात दात घासता घासता बसले आणि तसेच गेले.

बाराव्याला मी गेलो. अंगणात मांडव, माणसं जेवून उठत होती. वहिनी आत बायकांत बसल्या होत्या. मला बघून बाहेर पडवीत आल्या. अंगावर थोडं मांस आलं होतं. वर्षभर झोपल्या असतील, निदान तेवढं तरी झालं, असं मनात आलं.

"तुमाला लई पिडलं म्हनं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "मिशीवाल्या मानसाला डोळं मिटून फिरवलं. आपांनी सांगितलं मला, वेनी घालताना."

म्हणजे रिक्षात बसताना त्यांना सगळं माहीत होतं.

"मग का नाही आलात त्या दिवशी?" मी विचारलं. "दहा मिनिटांची वाट होती."

"झोप पुरी झाली न्हवती हो," त्या म्हणाल्या. "डोळ्यांपुढं काय आलं असतं ते दिसलंच नसतं. त्यांनी एवढं मांडून ठेवलेलं, ते झोपाळल्या डोळ्यांनी कसं बगायचं? म्हटलं, आता दोघंबी रिकामी. पुना येऊ."

मी बोलायला नको होतं ते बोललो. "वहिनी, आता या. माझ्या घरी उतरा, माझी बायको बरोबर येईल. सगळं नीट दाखवतो. मला ते सगळं पाठ आहे."

त्या हसल्या, माझी समजूत घालावी तशा.

"तुमी दाखवाल हो. पन समुद्र बघिटला की बाजूच्याला म्हनावं लागतं न्हवं, केवढा हाय म्हनून. ते कुनाला म्हनू?"

अण्णांची मुलगी चहा घेऊन आली. मी प्यायलो. वहिनी परत आत जाऊन बायकांत बसल्या. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. मी चपला पायात घातल्या आणि कुणाला काही न सांगता मांडवातून बाहेर पडलो.